दातामागोमाग जाणारे हाड

(व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



दंतवैद्याला व्याख्यानाला बोलावणे हे धाडसच म्हणायचे. एरवी आमच्यासमोर माणूस तोंड उघडून बसतो आणि बोलत मात्र आम्ही असतो. समोरच्यालाही काही म्हणायचे असेल, याची आम्हाला सवय नाही. आज तुमची तोंडे मिटलेली आहेत आणि तुम्ही केव्हाही उठून जाऊ शकता, म्हणून जरा जपून बोलते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते ते शाळेत शरीरशास्त्र शिकवत आणि फळ्यावर हाडांच्या आकृत्या फार सुरेख काढत, असे कार्यकर्त्यांनी मला सांगितले. तेव्हा आज एका हाडाबद्दलच बोलू. जबड्याची जी कड दातांना धरून असते, ते हे हाड.

आपल्याकडे दात काढला की प्रकरण मिटले असे धरतात. रात्रभर ठणका लागतो, गाल सुजतो, लवंगेचे तेल लावून होते, दोन दिवस मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खाऊन होतात, आणि मग माणूस येतो तो ‘काढूनच टाका एकदाचा’ म्हणत. दात निघतो, ठणका थांबतो. तोच माणूस पुन्हा उगवतो दोन-चार वर्षांनी. म्हणतो, ‘डॉक्टर, तिथे आता दात बसवायचाय.’ बघावे तर दात बसवायला जागाच शिल्लक नसते. तोंडात फट असते, पण फटीखालचे हाड सुरीच्या धारेइतके अरुंद झालेले असते आणि हिरडी आत दबलेली असते. त्या जागेचे पुढे काय करायचे, हा प्रश्न दात तोंडात असतानाच विचारायचा असतो. आज मला सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. बाकीचा तासभर मी फक्त त्याची कारणे देणार आहे.

ओठ आत ओढलेले, गाल बसलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली, असा चेहरा दिसला की आपण म्हणतो, वय झाले. त्यात वयाचा वाटा आपण समजतो त्याहून कमी असतो. चाळिशीच्या आत सगळे दात गेलेल्या माणसाचे बोळके साठीच्या माणसासारखे दिसते आणि पंच्याहत्तरीतल्या एखाद्या आजींचे दात शाबूत असले तर त्यांचा चेहरा भरलेला राहतो. ओठ आणि गाल आतून कशावर तरी टेकलेले असतात. तो टेकू दातांचा आणि त्यांच्या मुळांभोवतीच्या हाडाचा असतो.

जबड्याच्या हाडाचे दोन भाग मानतात. एक पाया, तो जन्मभर पुरतो. त्यावर दातांना धरणारी कड असते ती मात्र दातांच्या हिशेबाने चालते. दात येतात तशी ती वाढते. एखाद्याला जन्मतःच एखादा दात नसेल, तर तेवढ्या जागी ती नीट भरतच नाही. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलीमीटरच्या आसपास फट असते आणि तीत असंख्य तंतू आडवेतिडवे ताणलेले असतात. घास चावला की दात त्या तंतूंवर किंचित दबतो आणि हाडाला ओढ बसते. ज्या हाडाला काम असते ते शरीर पोसते, ज्याला नसते ते मोडीत काढते. यूलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने 1892 मध्ये हाडांबद्दलचा हा नियम ग्रंथरूपात मांडला. त्याचा रोख मांडीच्या हाडासारख्या मोठ्या हाडांवर होता, पण नियम तोंडातही तोच लागू होतो.

ज्या खोबणीत दात बसतो तिच्या आतल्या अंगाला हाडाचा एक पातळ थर असतो. हे तंतू त्याच्यात रुतलेले असतात. त्याला बंडल बोन म्हणतात. हा थर सर्वस्वी दाताचा. ब्राझीलचे मॉरिसिओ आराउजो आणि स्वीडनचे यान लिंडे यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यांच्या उपदाढा काढून पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात त्या जागेचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. खोबणीची जिभेकडची भिंत बरीचशी जागेवर राहिली. गालाकडची मात्र खचली. आठव्या आठवड्याला ती दुसऱ्या भिंतीपेक्षा सुमारे 2 मिलीमीटर खाली गेलेली होती. कारण सरळ होते. गालाकडच्या भिंतीचा वरचा काठ बहुतांशी बंडल बोनचाच असतो, म्हणून दात गेला की तोही जातो. जिभेकडची भिंत जाड असल्यामुळे तिच्यात स्वतःचे असे हाड बरेच असते.

आता सगळ्यांनी एक करा. वरच्या ओठावर, नाकपुडीच्या जरा बाजूला, बोट ठेवून हलके दाबा. उभा उंचवटा लागतो ना? ते तुमच्या सुळ्याचे मूळ. बोट आणि मूळ यांच्यामध्ये ओठ आहे, हिरडी आहे आणि हाड आहे, पण त्यातले हाड नावापुरतेच. वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची भिंत बहुतेकांची 1 मिलीमीटरहून पातळ असते. कित्येकांची अर्धा मिलीमीटरसुद्धा भरत नाही. बोटे काढली तरी चालतील, मागचे अजून दाबतच आहेत.

या भिंतीला रक्त मिळते तीन वाटांनी: दाताभोवतीच्या तंतूंतून, हाडावरच्या आवरणातून आणि हाडाच्या पोटातल्या मज्जेतून. कालव्याच्या शेपटाकडच्या रानाची जी गत, तीच हिची. दात काढला की पहिला पाट बंद होतो. हिरडीला चीर देऊन ती हाडापासून सोडवली तर दुसराही काही काळ आटतो. आणि भिंत इतकी पातळ की तिच्यात मज्जाच नाही, म्हणजे तिसरा पाट मुळात खोदलेलाच नाही. मग ती सुकते यात नवल कसले?

किती सुकते, याचे आकडे आहेत. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथल्या श्रॉप आणि सहकाऱ्यांनी 46 रुग्णांची एकेक दाढ किंवा उपदाढ काढल्यानंतर वर्षभर मोजमाप ठेवले. ते 2003 साली प्रसिद्ध झाले. हाडाची रुंदी सरासरी 12 मिलीमीटरवरून 5.9 वर आली, म्हणजे निम्म्यावर. त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या 3 महिन्यांतच झाली. पुढच्या दातांत भिंतीची जाडी निर्णायक ठरते. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या शापुई यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवले की भिंत 1 मिलीमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर 8 आठवड्यांत तिची उंची मध्यभागी साधारण 7.5 मिलीमीटरने घटते, आणि त्याहून जाड असेल तर साधारण 1.1 मिलीमीटरने. दात तोच, डॉक्टर तेच, फरक भिंतीच्या जाडीचा. म्हणून पुढचा दात काढण्याआधी त्रिमितीय एक्स-रे, म्हणजे सीबीसीटी, सांगितला तर डॉक्टर बिल वाढवतोय असे लगेच समजू नका. दाढ काढताना तोच सांगितला तर मात्र कशासाठी हे जरूर विचारा.

एका दाताची ही कथा. सगळे दात गेले आणि कवळी आली की काय होते, हे टालग्रेन यांनी 25 वर्षे त्याच त्या माणसांचे एक्स-रे काढून पाहिले आणि 1972 साली मांडले. हाड झिजायचे थांबतच नाही. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला ते वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजते. तुमच्यापैकी ज्यांची कवळी आहे त्यांना आकडे नकोत, त्यांना अनुभव आहे. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, खालची मात्र शेंगदाणा खाताना उठते, शिंक आली की जागा सोडते. हाड फार खाली गेले की हनुवटीच्या दोन्ही बाजूंनी ज्या छिद्रांतून ओठाची नस बाहेर येते ती छिद्रे कडेवर येतात आणि कवळी थेट नसेवर टेकते. मग भाकरीचा तुकडा चावताना वीज चमकावी तशी कळ ओठात जाते. पुष्कळ आजी-आजोबा खालची कवळी जेवायच्या वेळी डबीत काढून ठेवतात आणि फोटोपुरती घालतात, त्याचे कारण हे आहे. त्यांना सून-मुलगा म्हणतात, ‘एवढे पैसे घातले आणि वापरत नाहीत.’ आजींची बाजू कोणी घेत नाही, म्हणून आज मी घेतली.

आता उपायांकडे वळू. मला सर्वात आवडणारा उपाय 1978 सालचा आहे आणि त्याला फारसे पैसे लागत नाहीत. अमेरिकेत क्रम आणि रूनी यांनी खालची कवळी वापरणाऱ्यांचे दोन गट 5 वर्षे पाहिले. एका गटाचे सगळे दात काढलेले होते. दुसऱ्या गटाचे खालचे दोन सुळे ठेवले होते, म्हणजे वरचा भाग कापून मुळे तेवढी जबड्यात ठेवली आणि त्यांच्यावर कवळी बसवली. पहिल्या गटाचे पुढचे हाड 5 वर्षांत सरासरी 5.2 मिलीमीटर झिजले, दुसऱ्याचे 0.6. दोन मुळे टिकली तर हाड टिकते. अर्थात ती मुळे घासावी लागतात. नाही घासली तर ती किडतात आणि सगळे मुसळ केरात. पण ‘आता राहिलेत दोन, तेही काढा आणि सगळा निकाल लावा’ असे घरचे म्हणतात तेव्हा त्यांना मी हे आकडे सांगते.

मूळ राखण्याची ही युक्ती लहान मुलांतही उपयोगी पडते. खेळताना आपटून पुढचा कायमचा दात पूर्ण बाहेर पडला, तर तो वरच्या बाजूने उचलायचा, मुळाला बोट लावायचे नाही, माती लागली असेल तर क्षणभर धुवायचा आणि जमल्यास जागेवर बसवायचा. नाही जमले तर दुधात टाकून तडक दवाखाना गाठायचा. वेळ गेला की तंतू मरतात. मग बसवलेला दात हाडाशी एकजीव होतो आणि मूल वाढते तसा तो आसपासच्या दातांच्या मागे पडत जातो. असा दात उपटायला गेले तर हाडाचा तुकडाच हाती येतो. स्वीडनच्या मालमग्रेन यांनी 1984 मध्ये वेगळा मार्ग सांगितला. दाताचा वरचा भाग काढायचा आणि मूळ हिरडीखाली तसेच सोडायचे. शरीर ते हळूहळू हाडात बदलून टाकते आणि कड शाबूत राहते. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे कृत्रिम मूळ, बसवायला जबड्याची वाढ पुरी व्हावी लागते, तोवर सात-आठ वर्षे काढायची असतात. त्या वर्षांचे सगळे गणित या एका निर्णयावर अवलंबून असते.

दात काढणेच भाग असेल तर तो कसा काढायचा? आमच्या वेळी कौशल्य म्हणजे वेग. चिमटा लावला, गालाकडे-जिभेकडे दोन हेलकावे दिले, दात ट्रेमध्ये. आणि शेवटी दोन बोटांनी खोबण दाबून भिंती एकमेकींजवळ आणायच्या, म्हणजे जखम लवकर भरते, असे शिकवत. कवळीच द्यायची असेल तर ते ठीक होते. ज्या पातळ भिंतीसाठी आज आपण इतका जीव टाकतोय ती गालाकडच्या त्या हेलकाव्यातच चिरायची आणि उरलीसुरली त्या दाबण्यात मोडायची.

आता पुढचा दात काढताना पातळ पात्यासारखे एक हत्यार, पेरिओटोम, दाताच्या दोन्ही कडांनी, शेजारच्या दातांच्या बाजूला फटीत सरकवतात. ओठाच्या बाजूला शक्यतो नाही. तंतू एकेक करून सुटू लागले की दात किंचित ढिला पडतो. मग थांबायचे. पुन्हा पाते. पुन्हा थांबायचे. मग चिमट्याने धरून, हेलकावे न देता, गोल वळवत बाहेर. दाढेला दोन-तीन मुळे असतात, ती बारीक ड्रिलने वेगळी करून एकेक काढायची. हिरडीला चीर शक्यतो द्यायचीच नाही. दात बाहेर आल्यावर खोबण स्वच्छ खरवडायची आणि बोथट सळईने ओठाकडची भिंत चाचपायची: आहे का, तडा आहे का, किती खाली सुरू होते. यात अर्धा तास सहज जातो. खुर्चीतला माणूस वैतागतो, बाहेर बसलेला त्याहून जास्त. ‘एक दात काढायला इतका वेळ? आमच्या गावचे डॉक्टर पाच मिनिटांत काढतात.’ यावर मी आता हसते फक्त.

पुढची पायरी खोबण भरण्याची. यासाठी हाडाचे दाणे मिळतात, बारीक, पाव ते 1 मिलीमीटर आकाराचे. ते रुग्णाच्या रक्तात किंवा सलाइनमध्ये भिजवून खोबणीत हलक्या हाताने भरतात, ठासून नाही. ठासले की आत रक्त शिरायला वाव उरत नाही आणि रक्त नाही तिथे हाड नाही. वरून कोलॅजेनचा पडदा किंवा बूच बसवून दोन टाके आडवे घालतात. काही जण रुग्णाचेच रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि त्यातला फायब्रिनचा गोळा वापरतात. फ्रान्समधल्या शुक्रून यांनी 2001 च्या सुमारास ही पीआरएफची पद्धत पुढे आणली. मग 4 ते 6 महिने थांबायचे.

हे दाणे येतात कुठून, हे मात्र विचारलेच पाहिजे. जगभर सर्वात जास्त वापरले जाणारे दाणे गाईबैलांच्या हाडांपासून केलेले असतात. त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो, उरतो तो खनिज सांगाडा. कोलॅजेनचे पडदे पुष्कळदा डुकराच्या किंवा गाईच्या ऊतीपासून केलेले असतात. वैद्यकीयदृष्ट्या ते सुरक्षित आहेत. पण माळ घातलेल्या वारकऱ्याच्या, जैन कुटुंबातल्या बाईंच्या किंवा मुसलमान गृहस्थांच्या तोंडात काय घालतो आहोत हे त्यांना न सांगता घालणे मला मान्य नाही. संमतीपत्रावर इंग्रजीत ‘झेनोग्राफ्ट’ असे छापलेले असते आणि खाली मराठीत सही असते. ती संमती नव्हे. पर्याय आहेत. पूर्णपणे कारखान्यात बनवलेली कॅल्शियमची संयुगे आहेत, माशांपासून केलेले कोलॅजेन आहे, आणि माणसाचे दान केलेले हाड आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी 1988 पासून चालते. तिथे दात्यांकडून मिळालेले हाड गोठवून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. देशभरच्या हिरड्यांच्या डॉक्टरांच्या कपाटात तिथल्या बाटल्या असतात. परळला कर्करोगाच्या रुग्णांची रांग असते हे आपल्याला माहीत असते. त्याच आवारातून कोणा अनोळखी माणसाचे हाड तुमच्या जबड्यात येऊ शकते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

आता कटू भाग. इतके करून हाड पूर्ण वाचते का? नाही. आराउजो आणि लिंडे यांनीच पुढे भरलेल्या खोबणी तपासल्या. ओठाकडची पातळ भिंत भरल्यानंतरही खचतेच. दाण्यांमुळे आतली जागा भरलेली राहते, म्हणून बाहेरचा आकार बराचसा टिकतो. म्हणजे भिंत वाचत नाही, घेर वाचतो. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2015 आणि 2021 मध्ये या विषयाचा आढावा घेतला. भरलेल्या आणि न भरलेल्या खोबणींत रुंदीचा फरक सरासरी 1 ते 2 मिलीमीटरच्या घरात निघाला आणि पुराव्याची खात्री कमी प्रतीची ठरवली गेली. पुढच्या दातात 2 मिलीमीटर म्हणजे पुष्कळ. कोपऱ्यातल्या दाढेत, जिथे रुंदी मुळातच भरपूर, तिथे कदाचित काहीच नाही. त्यामुळे निघालेल्या प्रत्येक दाताच्या जागी दाणे भरायचे आणि काही हजारांचे बिल करायचे, हा जो प्रघात काही ठिकाणी पडतो आहे, त्याच्या मी विरुद्ध आहे. तिथे पुढे काही बसवायचेच नसेल, तर कशाला?

‘मग त्याच दिवशी इम्प्लांट का नाही बसवत?’ हा प्रश्न जाहिराती वाचून आलेले हमखास विचारतात. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी सशांवरच्या प्रयोगांत पाहिले आणि 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात ते बसवले. पुढे बरीच वर्षे असे मानत होते की दात काढल्या काढल्या इम्प्लांट ठोकला तर हाड फसेल, त्याला वाटेल दात अजून आहेच. हाड फसले नाही. इम्प्लांटभोवती तंतू नसतात, म्हणून बंडल बोनही राहत नाही. भिंत जायची तशी जाते, आणि मग काही महिन्यांनी हिरडीतून करडी छाया दिसू लागते. योग्य रुग्णात, जाड भिंत असेल तर, त्याच दिवशी बसवणे चांगलेच. पण हाड वाचवण्याचा तो उपाय नव्हे. म्युनिकच्या ह्युर्त्सेलर यांनी 2010 मध्ये याहून चलाख वाट काढली. दाताच्या मुळाची ओठाकडची फक्त एक फाक जागेवर सोडायची, म्हणजे तिचे तंतू आणि तिची भिंत जिवंत राहते, आणि तिच्यामागे इम्प्लांट बसवायचा. कल्पना मला फार आवडते. हात अतिशय सरावाचा लागतो आणि जुनी फाक बिघडली तर निस्तरणे जिकिरीचे जाते, म्हणून मी सरसकट कुणाला सांगत नाही.

हिरडीचे आता थोडक्यात सांगते, कारण हिरडी हाडाच्या मागे चालते. हसल्यावर दोन दातांमध्ये गुलाबी त्रिकोणी टोक दिसते, ते गेले की तिथे काळा त्रिकोण दिसतो. लग्नाच्या फोटोंत लोकांना खुपतो तो तोच. न्यूयॉर्कच्या टार्नो यांनी 1992 मध्ये मोजले: दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपासून खालच्या हाडापर्यंतचे अंतर 5 मिलीमीटर किंवा कमी असेल तर ते टोक जवळजवळ नेहमी असते, 6 असेल तर निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी, 7 असेल तर चौथ्या हिश्श्याच्या आसपास. एकेका मिलीमीटरचा हा हिशेब आहे. म्हणून दात काढल्याच दिवशी तात्पुरता दात देताना त्याचा खालचा भाग अंडाकृती ठेवून तो खोबणीच्या तोंडाशी किंचित आत शिरेल असा करतात. त्यावर हिरडी टेकून भरते आणि आपला आकार धरून ठेवते. हिरडी पातळच असेल तर टाळूतून थोडी ऊती घेऊन ओठाच्या बाजूला शिवतात. आणि दात वाचणार नाही पण घाई नाही, अशा वेळी तारेने तो दोन-तीन महिने हळूहळू बाहेर ओढला तर तो हाड आणि हिरडी दोन्ही आपल्याबरोबर खाली आणतो. मरता मरता एवढे काम करून जातो. रुग्णाला समजावणे कठीण: जो दात काढायचाच आहे त्याला तार कशाला?

घरी गेल्यावर तुम्ही काय करता यालाही महत्त्व आहे. खोबणीत रक्ताची जी गाठ बसते तिच्यातूनच पुढे हाड घडते. पहिल्या दिवशी सारखे थुंकणे, गुळण्या करणे, स्ट्रॉने ओढून पिणे, जिभेने जागा चाचपत राहणे यांनी ती गाठ सुटते आणि तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरा, कोमट मिठाच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून करा. हळद, तुरटी, जाळलेला तंबाखू, यांतले काहीही खोबणीत भरू नका. मिश्रीबद्दल वेगळे सांगते, कारण बायका ती तंबाखूत धरतच नाहीत. ‘मला कसलेही व्यसन नाही, फक्त मिश्री लावते,’ असे शांतपणे सांगतात. गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली, मिश्री मात्र अजून घरच्या तव्यावर भाजली जाते. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि त्या पातळ भिंतीची रक्ताची टंचाई मघाशी सांगितलीच आहे.

आणि दोन प्रकारच्या रुग्णांनी दात काढण्याआधी, डॉक्टरांनी विचारले नाही तरी, आपणहून सांगायचे आहे. हाडे ठिसूळ झाली म्हणून किंवा कर्करोगासाठी हाडांची इंजेक्शने, गोळ्या चालू असतील त्यांनी. आणि तोंडाला किंवा मानेला किरणोपचार झालेले असतील त्यांनी. यांच्यात प्रश्न हाडाच्या घेराचा नसतो. खोबण भरूनच येत नाही आणि जबड्याचे हाड उघडे पडते. किरणोपचार व्हायचे असतील तर खराब दात त्याआधी काढून जखम भरू द्यायची असते. घरात कुणाला असा आजार निघाला तर ऑन्कोलॉजिस्टच्या फाइलबरोबर दंतवैद्याची एक भेट त्याच आठवड्यात उरका.

कार्यकर्त्यांनी एक चिठ्ठी आत्ताच पुढे दिली आहे. वाचते: ‘माझी खालची अक्कलदाढ पुढच्या आठवड्यात काढायची आहे. तिथे हाड भरून घ्यावे का?’ बहुधा नको. तिच्या जागी दात बसवायचा नसतो, तिथे तुमचे हाड भरपूर असते आणि खोबण आपली आपण भरते. ती आडवी असेल आणि पुढच्या दाढेच्या मुळाला टेकून तिथले हाड खाल्ले असेल, तर तेवढ्यापुरता विचार करावा लागतो. ते एक्स-रे पाहूनच कळेल, चिठ्ठीवरून नाही. बाकीच्या चिठ्ठ्या चहानंतर घेऊ.